डाव्या हातावरची माणसं

पिपरी मेघे, वर्धा
१० नोव्हेंबर २०२४

आत्या,

आधी देवाला नमस्कार, मग तुला. एवढं केलं की तुमच्या मठात पत्राची सुरुवात झाली असं धरत असतील.

तुझ्या त्या बंद मठात फोन चालत नाही, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा एवढं मोठं पत्र लिहायला बसलो आहे. अक्षराला हसू नकोस. चित्र काढणाऱ्याचं अक्षर चांगलं असतं, हा लोकांचा गैरसमज आहे.

मी दुकान टाकलं. बाबांनी कळवलं असेलच, पण त्यांनी 'पोरगा रंगाचं काम करतो' असं काहीतरी मोघम लिहिलं असणार. दुकान टॅटूचं आहे. मोबाइल दुरुस्तीवाल्याच्या शेजारी एक खोली, एक खुर्ची, एक मशीन. नागपुरात एकाच्या हाताखाली शिकलो आणि इकडं परत आलो. रात्री दुकानाच्या मागच्या खोलीतच झोपतो.

अडचण अशी झाली आहे. आपल्यात कोणी घर बांधलं, दुकान टाकलं, साधी मोटारसायकल घेतली तरी फादर येऊन आशीर्वादाचं पाणी शिंपडतात. माझ्या दुकानावर अजून थेंब पडलेला नाही. फादर नाही म्हणाले नाहीत हो. "तू तिथं नेमकं काय करणार ते मला आधी नीट समजू दे," एवढंच म्हणाले. पण तेवढ्यावर बाबा बिथरले. प्रार्थनेच्या गटातल्या कोणीतरी त्यांना सांगितलं आहे की अंगावर गोंदणं शास्त्रात मना आहे. आपल्या आंजीच्या शेतात, वांग्याच्या वाफ्यात उभे राहून ते मला म्हणाले, "तुह्या आत्याले विचार. तिनं म्हनलं पाप नाई, तं मी सोता येऊन बसतो. नाई तं त्या दुकानाची पायरी मी चढत नाई."

तर विचारतो आहे. पाप आहे का?

मी काय करतो ते सांगतो, मग तू ठरव. अठरा वर्षांखालच्या पोराला मी हात लावत नाही. पिऊन आलेल्याला चहा पाजून परत पाठवतो. प्रेमात पडलेला कोणी नाव गोंदवायला आला की म्हणतो, पुढच्या महिन्यात ये. बरेचसे परत येतच नाहीत. कोणाच्या देवाची टिंगल असेल तर काढत नाही. एकाला येशूचा चेहरा घोट्यावर हवा होता. त्याला म्हटलं, रोज चपलेत घालशील का रे त्याला? शेवटी दंडावर काढला. परवा एक बाई आली होती, कोपरापासून मनगटापर्यंत भाजल्याचा व्रण. तिला त्याच्यावर वेल काढून दिली. जाताना तिनं पहिल्यांदा बाही वर केली आणि तशीच रस्त्यानं गेली. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही, इतका आनंद झाला.

आणि खरं सांगू का, हे मी नागपुरात नाही शिकलो. दुपारी आजी आडवी झाली की मी तिच्या उजव्या हातावरच्या गोंदणावरून बोट फिरवत बसायचो. मनगटावर तुळस, कोपराखाली विंचू, मधे ठिपक्यांची रांग. लहानपणी पवनारच्या जत्रेत धाम नदीच्या काठावर बसून तिनं ते गोंदवून घेतलं होतं. रडली नाही म्हणून गोंदणारणीनं विंचू वर फुकट काढून दिला होता. माझी शाळा ती.

आजी बरी आहे. तुझी आठवण काढते.

तुझा
साहिल


मठातून
२४ नोव्हेंबर २०२४, ख्रिस्तराजाचा सण

साहिल बाळा,

तुझ्यावर शांती असो आणि तुझ्या बापाच्या डोक्यावर थोडं थंड पाणी असो.

घाईत लिहिते आहे. येत्या रविवारपासून आगमनकाळ सुरू होतो, मग नाताळपर्यंत आम्ही पत्र लिहीत नाही आणि आलेलं उघडतही नाही. ईस्टरआधीच्या उपवासकाळातही तेच. तेव्हा जे विचारायचं ते या वेळा सांभाळून विचारत जा.

तुझा प्रश्न मी आमच्या मठाच्या मदरांपुढं ठेवला. आम्ही दोघी मिळून वाचलं. जुन्या करारातल्या नियमात ते आहे खरं: मेलेल्यांसाठी अंगावर वार करून घेऊ नका, खुणा गोंदवू नका. आजूबाजूचे लोक आपल्या मूर्तींसाठी आणि मेलेल्यांसाठी तसं करत, तुम्ही त्यांच्यासारखं करू नका, असा त्याचा रोख. पण त्याच ठिकाणी असंही आहे की दाढीच्या कडा कापू नका. त्या प्रार्थनेच्या गटातल्या भल्या माणसाला विचार, की आपले फादर सकाळी गुळगुळीत दाढी करून मिस्साची उपासना कशी चालवतात. तो नियम त्या लोकांना, त्या काळी होता. ख्रिस्तसभेनं गोंदणं म्हणजे पाप असं कुठं म्हटलेलं नाही. मिसर देशातले ख्रिस्ती तर पिढ्यान्‌पिढ्या मनगटावर क्रूस गोंदवून घेतात. संकटात तो पुसता येत नाही, म्हणूनच घेतात.

म्हणून सगळं माफ, असं समजू नकोस. शरीर हे देवाचं मंदिर आहे. मंदिराच्या भिंतीवर चित्र काढायला कोणाची ना नसते, पण कुठलंही चित्र कोणी काढत नाही. काय काढतोस, कशासाठी काढतोस, समोरच्याला त्याची खरंच समज आहे का, आईबापाचं मन मोडून तो आला आहे का, त्याच्या जिवाला अपाय होईल का, नुसती मिरवायची हौस आहे का, हे बघावं लागतं. तुझं पत्र वाचून मला वाटलं, हे सगळं तू न सांगता बघतोच आहेस. भाजलेल्या बाईचं वाचून मदर चष्मा पुसत बसल्या. मला तुझा अभिमान वाटतो, हे सरळच लिहिते. हे पत्र फादरांना दाखव आणि तुझ्या बापाला, कैलासदादाला, वाचून दाखव. दाढीचा भाग गाळू नकोस.

आता दुसरी गोष्ट. "आजी तुझी आठवण काढते," असं तू लिहिलंस. साहिल, माझी आई कोणाची आठवण तोंडानं काढणारी बाई नाही. दर नाताळला ती जुन्या लुगड्याच्या तुकड्यात मुगवड्या बांधून पाठवायची, तीच तिची आठवण. गेल्या नाताळला त्या आल्या नाहीत.

तुला माहीत नसेल म्हणून सांगते. नन होतानाच्या माझ्या अखेरच्या व्रतांच्या दिवशी आई आली होती. भेटीच्या खोलीत मधे लोखंडी गज आहेत, त्यांना तिनं हात लावून पाहिला आणि विचारलं, "हे कुलूप आतून हाय का बाहेरून?" मी म्हटलं, आतून. तिनं पदर सावरला. उठली आणि गेली, ती पुन्हा आली नाही. तिला वाटतं मी स्वतःला कोंडून घेतलं आणि चावी तिच्या तोंडावर फेकली. मी इथं सुखात आहे, देवानं मला हवं ते दिलं. पण तो एक प्रश्न अजून माझ्या कानात आहे.

ती रागावली आहे का, ते मला खरं लिही.

आत्या


पिपरी मेघे
२० फेब्रुवारी २०२५

आत्या,

आधी चांगलं सांगतो. फादर आले. तुझं पत्र वाचताना दाढीपाशी पोचले तेव्हा त्यांचा हात आपोआप हनुवटीवर गेला, आणि मग ते जे हसले ते थांबेनात. सगळ्या दुकानावर पाणी शिंपडलं. मशीनवरही शिंपडायला लागले, तर मी आधी प्लग ओढला. बाबा गिऱ्हाइकाच्या खुर्चीत न्हाव्याकडं बसल्यासारखे ताठ बसून राहिले. आता गावात सांगत फिरतात, "पोराचं दुकान चर्चनं पास केलं."

आता दुसरं. आजीबद्दल मी तुला खोटं लिहिलं होतं. बाबांनी सांगितलं होतं, तिला कळवू नको, ती तिथून येऊ शकत नाही, उगाच जिवाला घोर. पण तू विचारलंस म्हणून लिहितो. आजी रागावलेली नाही. आजी विसरते आहे.

तू लिहिलंस त्या नाताळाआधी मुगाची डाळ वाटून झाली आणि ती पाट्यासमोर बसून राहिली. आईनं विचारलं तर म्हणाली, "याचं आता काय करतात वो?" म्हणून मुगवड्या आल्या नाहीत. नत्थू आजोबा जाऊन इतकी वर्षं झाली, पण जेवायला बसली की विचारते, ते शेतातून आले का. कधी माझ्या धाकटीला, अंकिताला, तुझ्या नावानं हाक मारते, कधी अंकिता कोण हेच कळत नाही. डॉक्टर म्हणाले, हे आता वाढत जाणार.

मागच्या आठवड्यात ती अंकिताला घेऊन बसनं माझ्या दुकानात आली. लुगडं नेसून, केस विंचरून. खुर्चीत बसली आणि डावा हात पुढं केला. तिच्या डाव्या हातावर कोपरापासून खाली मोकळी जागा आहे.

"इथं माह्ये मान्सं गोंदून दे," ती म्हणाली.

मला वाटलं, गंमत करते आहे. म्हटलं, आजी, तुला वाचता कुठं येतं, नावं कशाला?

"नाव नको. चित्र काढ. चित्र मले समजते." मग म्हणाली, "मी इसरून राह्यली, साहिल. तुमी सांगत नाई, पन मले मालूम हाय. हात तं कुठी जात नाई ना माहा."

आत्या, मी तोंड फिरवून सुया शोधायचं नाटक केलं.

मग तिनं एकेक सांगायला सुरुवात केली: तुह्या आजोबाले काढ, कैलासले काढ, तुह्या मायले, तुले, या पोरीले. तुझं नाव तिनं घेतलं नाही. खरं लिहायचं ठरवलं आहे म्हणून हेही लिहितो.

मी तिला चहा पाजला आणि मशीन बिघडलं आहे म्हणून परत पाठवलं. तेव्हापासून झोप नीट नाही. माझा नियम आहे, ज्याचं भान ठिकाणावर नाही त्याला गोंदायचं नाही. उद्या ती हाताकडं बघून 'हे कोनं केलं' म्हणून घाबरली तर? कातडी कागदासारखी झाली आहे, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. बाबा म्हणतात, हात लावशील तर बघ. आई म्हणते, म्हातारीनं आजवर काही मागितलं नाही, पहिल्यांदा मागते आहे.

बाबांच्या भाषेत विचारतो, हे पाप होईल का? माझ्या भाषेत विचारतो, करू का?

साहिल


मठातून
३ मार्च २०२५

साहिल,

परवा राखेचा बुधवार, उपवासकाळ सुरू. तुझं पत्र आज मिळालं. हे पत्र आज गेलं नाही तर ईस्टरनंतरच जाईल, म्हणून थोडक्यात लिहिते आणि जे लिहिते ते पुन्हा वाचून बघायला वेळ नाही.

तिचा राग नव्हता, हे कळून मला आनंद व्हायला हवा होता. मी वाचलं आणि प्रार्थनेच्या घंटेला उठले नाही. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदा झालं.

तुझ्या प्रश्नाकडं येते. जो विसरतो त्याला इच्छाच नसते, असं मानणं चूक आहे. त्याची इच्छा कधी दिसते, कधी दिसत नाही. तिला वेगवेगळ्या दिवशी विचार. सकाळी विचार, संध्याकाळी विचार, ती खुशीत असताना आणि चिडलेली असताना विचार. तू आठवण करून देऊ नकोस, नुसतं विचार की आजी, काही हवं का. प्रत्येक वेळी तेच मागितलं तर ती तिचीच इच्छा आहे आणि ती मोडायचा हक्क कैलासदादाला नाही. पण शरीराचं डॉक्टरला विचार. तो नाही म्हणाला तर नाही. तिचं मन राखायला तिच्या जिवाशी खेळणं हे प्रेम नव्हे. देवानं तिचं शरीर तुझ्या हवाली केलं आहे, ते आधी सांभाळ.

आणि माझं एक ऐक. ती माझं नाव घेत नसेल तर कोणी तिला सुचवू नका. 'आणि कोकिळा?' असं एकानंही विचारायचं नाही. माझी शपथ आहे. मी घर सोडलं ते माझ्या मनानं सोडलं. आता तिच्या मनात मला मागच्या दारानं ढकलू नका. तिनं स्वतः घेतलं तर घेतलं.

देव तुझा हात स्थिर ठेवो.

आत्या


आंजी (मोठी)
१३ एप्रिल २०२५, झावळ्यांचा रविवार

आत्या,

हे तू ईस्टरनंतरच उघडशील, माहीत आहे. तोवर पडून राहू दे.

काम झालं. कातडीवर चित्र उमटवायला आम्ही जो कागद वापरतो, त्यावरची छाप सोबत पाठवतो आहे. आजीनं जशी सांगितली तशीच काढली, एक रेघ माझ्या मनाची नाही. कोण कुठलं ते लिहीत नाही, तू ओळखशीलच. तुझी शपथ सगळ्यांनी पाळली. कोणी काही सुचवलं नाही, आणि तरी सहा आहेत, मोजून बघ.

बाकीचं सविस्तर नंतर. झावळीचा एक तुकडा आजीनं पाठवला आहे. मिस्सात ती झावळी पंख्यासारखी हलवून शेजारी बसलेल्या, तुझ्याच नावाच्या कोकिळाबाईंना वारा घालत होती. त्यांचं नाव ऐकून तिनं दोनदा वळून पाहिलं.

साहिल


मठातून
२३ एप्रिल २०२५

साहिल,

ख्रिस्त उठला आहे, आणि त्या आनंदातच तुला लिहिते.

छाप मिळाली. मदर आणि मी खिडकीच्या उजेडात धरून बघितली. काय रेघ आहे रे तुझी! कुठं थरथर नाही आणि कुठं दिखावा नाही. आईच्या तोंडून निघालेलं जसंच्या तसं उतरलं आहे. मदर म्हणाल्या, या पोराला चर्चच्या भिंती द्यायला हव्यात.

मी एकेक ओळखलं. कुदळ म्हणजे माझे बाबा. काटेरी देठाचं वांगं म्हणजे कैलासदादा, तोंडसुद्धा तसंच आहे. शेतात डबा नेणारी ती तुझी आई, जयावहिनी. भोवरा तू, लहानपणी घरभर फिरायचास. दोन वेण्या म्हणजे अंकिता.

आणि शेवटचं मी. गोल भिंत, आणि आत मधोमध एकटा ठिपका.

तू ते काढताना तुझा हात जड झाला असेल. वाईट वाटून घेऊ नकोस. आईला मी अशीच दिसते, भिंतीच्या आत एकटी. दार नाही, खिडकी नाही. ती तेव्हाच गजांना हात लावून हेच बघून गेली होती, आणि बाकी सगळं विसरत चालली तरी तेवढं विसरली नाही. मला वाईट वाटलं. नन झाले म्हणून वाटत नाही असं थोडंच आहे? पण तिनं न सांगता मला घेतलं. कशी का असेना, तिच्या हातावर मी आहे. याबद्दल मी देवाचे आभार मानले आणि तुझेही मानते.

तिला फार दुखलं का? सूज उतरली का? खपली धरली की खाजवू देऊ नकोस.

आत्या


आंजी (मोठी)
४ मे २०२५

आत्या,

तुझं पत्र वाचलं आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. चूक माझी. मला वाटलं सविस्तर नंतर लिहू, आणि तू तिथं इतके दिवस काय काय समजून बसली असशील ते डोक्यात आलं नाही. आता सगळं लिहितो.

पहिली गोष्ट, आजीला काही दुखलं नाही. तिच्या हातावर मी काहीच गोंदलेलं नाही. ती चित्रं माझ्या हातावर आहेत.

तू सांगितलंस तसं मी विचारत गेलो. कधी अंगणात, कधी जेवताना, एकदा ती आईवर चिडून बसली होती तेव्हा. दर वेळी डावा हात पुढं आला. पण डॉक्टरांनी हात बघितला आणि साफ नाही म्हणाले. गोळी बंद करता येत नाही आणि कातडी सुई सोसणार नाही. मी आजीला सांगितलं तर ती भिंतीकडं तोंड करून निजली आणि रात्री जेवली नाही. सकाळी मी तिच्या खाटेपाशी बसलो आणि माझा डावा हात तिच्यापुढं ठेवला. म्हटलं, "आजी, तुह्या हातावर नाई होत. माह्या हातावर चालन का?"

तिनं हात उलटा केला, सुलटा केला, अंगठ्यानं चोळून बघितला. भाजी घेताना बघतात तसं. मग म्हणाली, "तू कुठी गेला तं?"

"रोज संध्याकाळी घरी येईन."

"रोज?"

"रोज."

मग ती उठून बसली. त्या दिवसापासून मी पिपरीला राहत नाही. सकाळी बसनं दुकानात जातो, दिवे लागायच्या आत आंजीला परत. संध्याकाळची गिऱ्हाइकं गेली ती गेली.

मी मशीन घरी आणलं आणि आजीसमोर बसून स्वतःला गोंदलं. ती एकेक सांगायची, मी काढायचो. मधेच विसरायची तेव्हा थांबायचो, चहा व्हायचा. पाच झाले. तुझी शपथ होती. मी नुसतं विचारलं, झालं का आजी?

"झालं कसं? विहीर राह्यली ना."

मला वाटलं, शेतातली विहीर तिला आठवण म्हणून हवी असेल. म्हटलं, आजी, आपण माणसं काढून राह्यलो, विहीर कोणाची?

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू विसरण्याचा आजार मलाच झाला आहे. "कोनाची म्हंजे? कोकिळा हाय ते."

आत्या, ती भिंत नाही. ती आपली विहीर आहे. मग तिनं सांगितलं ते बाबांनाही माहीत नव्हतं. नत्थू आजोबा विहीर खोदत होते आणि तू पोटात होतीस. आजी पाट्या भरभरून माती काढायची. खडक लागला, सगळे म्हणाले सोडून दे, इथं पाणी नाही. आजोबा ऐकेनात. एका दुपारी खालून आजोबांनी हाक मारली, आजी पोट सांभाळत काठावर वाकली. तिच्याच शब्दांत लिहितो: "खाली पाह्यलं तं रुपयाएवढं आभाळ. पानी लागलंतं. दुसऱ्या दिवशी कोकिळा झाली. तवापासून ते विहीर म्हंजे कोकिळाच. मी कवा बोलली नाई, नजर लागते."

तो मधला ठिपका तू एकटी बसलेली नाहीस. ते पाणी आहे.

आता रोज संध्याकाळी ती माझा हात मांडीवर घेते. एकेका चित्रावर बोट ठेवते आणि एक 'नमो मारिया'ची प्रार्थना म्हणते. कधी कुदळ कोणाची ते आठवत नाही, कधी भोवरा बघून मलाच विचारते हा कोणाचा पोरगा. बाबांना वांगं म्हणाली तेव्हा बाबा रुसले होते, आता स्वतःच येऊन बसतात आणि आपला नंबर कधी येतो ते बघतात. विहिरीपाशी मात्र ती अजून एकदाही अडली नाही.

तुला विचारायचं राहिलं होतं. तुमच्याकडं भेटीला कधी येता येतं? प्रवास एका रात्रीचा आहे, मी नीट आणीन. ती तुला ओळखेल की नाही ते सांगता येत नाही. तरी आणू का?

साहिल


मठातून
२० जून २०२५

साहिल,

तुम्ही सुखरूप पोचल्याचं कैलासदादाचं पत्र आलं. आता मी तुला जे घडलं ते लिहिते. तू तिथंच होतास, पण तू काही पाहिलं नाहीस. गजांतून हात आत घालून तू भिंतीकडं तोंड केलं होतंस, कारण तू रडत होतास. मी आतून सगळं पाहिलं.

आई खुर्चीत बसली. किती लहान झाली आहे रे. तिनं माझ्या झग्याकडं पाहिलं, हात जोडले आणि म्हणाली, "सिस्टर, तुमी कुठच्या?"

आयुष्यात पहिल्यांदा माझी आई मला 'तुम्ही' म्हणाली. मी म्हटलं, "आई, मी कोकिळा."

तिला ते आवडलं नाही. कोणी आपली वस्तू उचलली की होतो तसा तिचा चेहरा झाला. तिनं तुझा हात धरला, बोट सरकवत सरकवत खाली आणलं, आणि विहिरीवर ठेवून मला दाखवलं. "नाई. कोकिळा इथं हाय."

मी म्हटलं, हो, तिथंच आहे.

मग ती निवळली. तिनं 'नमो मारिया' सुरू केली. अर्धी ती म्हणायची, अर्धी मी. माझं बोट तिच्या बोटाशेजारी, तुझ्या हातावर. तुला वाटलं असेल आम्ही जपमाळ करतो आहोत. मी त्या वेळी काहीच मागत नव्हते. मला सगळं मिळालं होतं.

निघताना तू चपला घालायला बाहेर गेलास. तेव्हा तिनं गजांना हात लावला. तीच जागा, तसाच हात. आणि विचारलं, "हे कुलूप आतून हाय का बाहेरून?"

मी म्हटलं, आतून, आई.

ती हसली. "मंग बरं हाय," म्हणाली. "उघडता येते."

तू मला विचारलं होतंस, पाप आहे का. मी मदरांबरोबर बसून शास्त्र वाचून तुला उत्तर दिलं, आणि ते बरोबरच होतं. पण त्या उत्तरात मंदिराची भिंत होती आणि चित्र होतं, माणूस नव्हता. एका पोरानं आपला हात आजीला वापरायला द्यावा, आणि तो रोज वेळेवर घरी आणावा, एवढं मी तेव्हा धरलंच नव्हतं. आता मदरांनी नव्या मुलींना शिकवताना तुझ्या हाताचं उदाहरण द्यायला सुरुवात केली आहे. तू येऊन ऐकलंस तर लाजशील.

विहिरीच्या एका बाजूची रेघ जरा फिकी वाटली मला. आजीचं बोट रोज तिथंच फिरतं, त्यानं असेल. भरून घे. आणि त्यासाठी आता पत्र पाठवून विचारत बसू नकोस.

तुझी
कोकिळाआत्या